मिस्त्रीकाकांना, आप्पांच्या जीपच्या पेट्रोल काट्याबद्दल

ती. मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, मला माहीत आहे. चष्मा घरी राहिला म्हणून परवा पावतीसुद्धा तुम्ही मलाच लिहायला लावलीत. पण दुकानात बसून दिवसभर मोबाइल बघणारा तुमचा नातू वाचून दाखवेल. नाव कुठं घालू नका असं बजावलं होतंत, म्हणून घातलेलं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जुन्या गाड्यांचं वायरिंग कुणाकडं न्यायचं हे ज्याला माहीत आहे, त्याला बरोबर कळेल.

आमच्या आप्पांची जीप तुम्ही पाहिलीत. १९७२ ची, महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची, लेफ्ट हँड ड्राइव्ह. विलीजनं हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली काढलं आणि १९६८ साली बंदही केलं. आपल्याकडं मात्र ते त्यानंतर कितीतरी वर्षं बनत राहिलं. आप्पांनी ती सरकारी लिलावात घेतली. त्यात खताची पोती गेली, बाळंतिणी गेल्या, निवडणुकीचे कार्यकर्ते गेले, आणि माझी वरातही त्यातूनच निघाली. २.२ लिटरचं ते पेट्रोल इंजिन किती पितं हे तुम्हाला मी काय सांगणार? लिटरला आठ किलोमीटर पडले की आप्पा त्या दिवशी खुशीत असतात. अशा गाडीला पेट्रोलचा काटा बंद पडून चालत नाही.

आप्पांच्या सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही भावंडांनी जीप नव्यासारखी करून द्यायचं ठरवलं. काम दिलं एका मोठ्या गॅरेजला. तिथं काचेची केबिन होती, मशीनची कॉफी होती, रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे. जीप परत आली तेव्हा खरंच देखणी दिसत होती. टाकीसुद्धा आतबाहेर, खालीवर, स्क्रूंच्या भोकांपर्यंत काळ्या जाड रंगानं मढवलेली. फक्त पेट्रोल भरलं तरी काटा ‘ई’ वरून उठेना. मग त्यांनी मीटर बदलला, क्रोमची कडा असलेला नवाकोरा बसवला. चावी फिरवली की त्याचा काटा टुणकन ‘एफ’ वर. "बघा मॅडम, झाला की नाही चालू!"

तो ‘एफ’ वरच राहिला. करूळ घाटात जीप बंद पडली तेव्हाही तो ‘एफ’ वरच होता. बाहेर धो धो पाऊस, टाकी कोरडी ठणठणीत, आणि काटा सांगतोय पोट भरलंय. मोटारसायकलवरच्या एका पोरानं आपल्या टाकीतून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं, पैसे घ्यायला थांबलाही नाही. त्याचंही नाव माहीत नाही, त्यालाही याच पत्रात नमस्कार.

त्यानंतर काटा दुरुस्त करायला आम्ही बरीच गॅरेजं फिरलो. एकानं सांगितलं, सगळं वायरिंग नवं टाकावं लागेल. दुसऱ्याचा कारागीर पेटती सिगारेट तोंडात ठेवून ड्रायव्हरच्या सीटखाली, म्हणजे टाकीवरच वाकला. आप्पांनी त्याला असा काही आवाज दिला की मी लहानपणानंतर तो पहिल्यांदा ऐकला. बाकी सगळीकडं एकच प्रकार. आप्पांना एसीत बसवायचे, टीव्ही लावून द्यायचे, आणि बोलायचे माझ्याशी. मी तरी बरी, माझा नवरा बरोबर असला की माझ्याशीही नाही. त्याला जीपचं बॉनेट उघडता येत नाही, हे तोच त्यांना सांगत होता.

आप्पा प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणत होते : "टाकीला रंग दिल्यापासून बिघडलंय." कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात, आणि म्हातारा माणूस मोठ्यानं बोलला की समोरचे हसून माना डोलावतात. एक तर मला म्हणाला, "मॅडम, रंगाचा आणि काट्याचा काय संबंध? वय झालं की असं होतं."

तुमच्या शेडमध्ये आलो तेव्हा शेजारी ग्राइंडरचा कर्कश आवाज चालला होता. तुम्ही जीपकडं बघितलंत, मग आप्पांकडं. मी बोलायला तोंड उघडलं, तर हातानंच मला थांबवलंत. आप्पांसाठी स्टूल आणून जीपला टेकवून ठेवलंत. मग शेजारच्या शेडकडं बघून ओरडलात, "ए, मशीन बंद कर रं जरा! मालक बोलाय लागल्यात." आवाज थांबला. तुम्ही आप्पांसमोर उकिडवे बसलात आणि विचारलंत, "आता सांगा आप्पा. काटा कवापासनं बिघडला?"

काका, त्या पोराचं काम तुम्ही थांबवलंत. उद्यमनगरात भर दुपारी चालू ग्राइंडर थांबवायचा म्हणजे काय, हे मला कळतं. एका म्हाताऱ्याचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून कुणी तेवढं केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. आप्पा तब्बल पाऊण तास बोलले. लिलावापासून सुरुवात केली, तरी तुम्ही मधे तोडलं नाहीत. रंगाची गोष्ट आली तेव्हा मात्र तुमची मान उचलली गेली.

पुढचं तर तुम्ही बघता बघता केलंत. टँक युनिट, म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजणारा भाग, तिथपासून चॅसीपर्यंत, गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक वायरचा तुकडा धरलात आणि चावी फिरवायला सांगितलीत. ‘एफ’ वर चिकटलेला तो काटा पहिल्यांदाच जागचा हलला. युनिटला अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट, टाकीतूनच मिळायचा, आणि त्या सुंदर रंगानं तो पार तोडून टाकला होता! काटा हलला तो उलटा, भरल्या टाकीला रिकामी म्हणू लागला, कारण नवा मीटर दुसऱ्याच जातीच्या युनिटसाठी बनवलेला होता. तेव्हा आप्पांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना मीटर काढला. गॅरेजवाल्यांनी तो भंगारात टाकायला काढलेला, यांनी मागून घेतला होता. बाकी खरडणं, घासणं, अर्थची वेगळी वायर टाकणं मी लिहीत बसत नाही. आधी बॅटरीची वायर सोडलीत आणि पोरांना लांब उभं केलंत, तेवढं मात्र लिहिते. सिगारेटवाल्यानं हे वाचलं तर बरं.

काटा जागेवर आला तेव्हा तुम्ही सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "म्या काय केलं न्हाई. आप्पांनी सांगितलं तिथं गावलं." आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. घरी येईपर्यंत रस्ताभर मात्र ते मला जीपचं अख्खं वायरिंग समजावून सांगत होते.

तुम्ही पैसे घेतलेत, कामाचे व्यवस्थित घेतलेत, हेही मला आवडलं. उगाच हात जोडून "राहू दे ताई" केलं असतंत तर आम्हीच संकोचलो असतो. चांगुलपणाला फुकटेपणाची जोड लागत नाही. माणूस कसा बसतो, कुणाकडं बघून बोलतो, एवढ्यातच तो दिसतो. कोल्हापुरात हुशार कारागीर गल्लोगल्ली सापडतात. गिऱ्हाइकाच्या म्हाताऱ्या बापाला गाडीतलं काही कळत असेल, हे धरून चालणारे मला शोधावे लागले.

त्या मोठ्या गॅरेजचा मात्र अजून मेसेज येतो. कामाबद्दल समाधानी असाल तर पाच तारे द्या म्हणून. मी तुमच्या शेडचा फोटो पाठवून दिला. उत्तर आलेलं नाही.

आता एक विनंती. कालपासून आप्पा म्हणायला लागलेत की हॉर्नचा आवाज बसलाय, मिस्त्रीकडं दाखवून आणतो. हॉर्न उत्तम आहे, काका. आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा ते सांगेल. त्यांना फक्त तुमच्याकडं येऊन बसायचंय. सोमवारी येतील, तर थोडा वेळ काढून हॉर्न बघा, आणि जमलं तर त्यात काहीतरी दोष सापडू द्या.

तुमची,
आप्पांची थोरली