रंग उडाला, पण पाणी शुद्ध झाले का?

संपादक महोदय,

चिमूटभर पांढरी पूड घालून निळे पाणी उन्हात ठेवायचे आणि ते नितळ झाले की ‘सांडपाणी शुद्ध झाले’ म्हणायचे, असे प्रयोग वारंवार दाखवले जातात. ही पूड म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे उजेड पडला की रंग तोडणारी अभिक्रिया घडवणारा पदार्थ, बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड. त्याचे काम खरे आहे. मोजमाप मात्र बहुतेक वेळा अपुरे असते.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. उन्हात असा अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून रंग उजेडानेच गेला असे गृहीत न धरता, पूड घातल्यावर आधी अर्धा तास अंधारात ढवळावे आणि मग रंग मोजावा. पुष्कळदा रंग तुटलेला नसतो, पुडीला नुसता चिकटलेला असतो. आम्लधर्मी पाण्यात पुडीवर धनभार येतो आणि कापडासाठीचे ऋणभारित ‘रिॲक्टिव्ह’ रंग तिला चिकटतात. अल्कधर्मी पाण्यात पुडीवर ऋणभार येतो आणि मेथिलीन ब्लू हा धनभारित निळा रंग तसाच चिकटतो. पुडीशिवाय, फक्त उजेडात ठेवलेला नमुनाही सोबत हवा, कारण काही रंग नुसत्या उन्हानेही फिके पडतात. मेथिलीन ब्लूची आणखी एक खोड अशी की ऑक्सिजन कमी पडला तर तो रंगहीन रूपात जातो. बाटली उघडून खळखळून हलवली की निळा परत येतो!

याहून गंभीर बाब ॲझो रंगांची, म्हणजे ज्यांच्या रेणूत नायट्रोजन-नायट्रोजन दुहेरी बंध असतो अशा रंगांची. हा बंध तुटला की रंग जातो, पण ॲरोमॅटिक अमाइन नावाची रंगहीन संयुगे मागे राहू शकतात आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. त्यामुळे एकूण सेंद्रिय कार्बन किंवा सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइज करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) किती उतरला, हे सांगायलाच हवे. प्रक्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले असेल तर सीओडी मोजण्याआधी ते नष्ट करावे. उरलेले पेरॉक्साइड सीओडी चाचणीतल्या डायक्रोमेट या रसायनाशी अभिक्रिया करते आणि सीओडी खोटाच वाढलेला दिसतो.

प्रयोगशाळेत लिटरला १०-२० मिलिग्रॅम रंग शुद्ध पाण्यात घेतात. कापड रंगवण्याच्या द्रावणात लिटरला ४०-८० ग्रॅम मीठ आणि शिवाय सोडा असू शकतो. सोड्यातले कार्बोनेट आणि मिठातले क्लोराइड हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे रंग तोडणारे अतिक्रियाशील कण, गिळतात. गडद पाण्यात उजेड वरच्या थरातच अडतो. पूड वाढवूनही फार साधत नाही. लिटरला साधारण एक ग्रॅमच्या पुढे पाणी दुधाळ होते आणि आत प्रकाशच पोचत नाही. म्हणूनच ही पद्धत जैविक प्रक्रियेनंतर, उरलेला फिका रंग काढायला, पातळ थरात आणि हवा सोडत वापरणे शहाणपणाचे.

नॅनो आकाराची पूड परत मिळवणे हीदेखील डोकेदुखीच. साध्या गाळणकागदातून ती निसटते. काचेवर लेप देऊन ४५०-५०० अंश सेल्सिअसला भाजता येते, पण साध्या काचेतले सोडियम लेपात शिरून त्याची क्रिया मंदावते. खाली आधी सिलिकाचा थर द्यावा. झिंक ऑक्साइड स्वस्त असले तरी ते आम्लात विरघळते आणि उजेडातही झिजते.

अशी बातमी छापताना अंधारातला आकडा, सेंद्रिय कार्बनची घट आणि तीच पूड किती वेळा वापरता आली, एवढे तरी विचारून छापावे, ही विनंती.

आपले,
सांडपाणी प्रक्रियेचे अभ्यासक