चोरी कबूल आहे

सोलापूर,
28 डिसेंबर 2025

प्रिय सुन्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जागेवर आहेत. दिवाळीत तुझा फोन उचलला नाही म्हणून दिलेल्या शिव्या तुझ्या बायकोकडून पोचल्या, बऱ्याचशा गाळून. माझी शुगर काठावर, तात्यांचा गुडघा तसाच, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तब्येतीचं संपलं.

लिहायला बसलोय दादाच्या अव्यामुळं. आपल्या घरात फोनवर बोललेलं जोडभावी पेठेपर्यंत ऐकू जातं, म्हणून कागद. वाच आणि फाडून टाक.

या महिन्यात तात्या पासबुक छापून आणायला बँकेत गेले. पेन्शन खात्यात पडली तरी छापून आल्याशिवाय रेल्वेनं ती दिली असं त्यांना वाटतच नाही. या वेळी मधेच चार ओळी निघाल्या. यूपीआय दोन हजार, तीन हजार, पाच हजार, पुन्हा पाच. पुढं कुणा अनोळखी माणसाचं नाव. तात्यांचा फोन घरात एकटा अव्याच हाताळतो, पिनसुद्धा त्यानंच घालून दिलेला. दादानं विचारलं, "तू घेतलास का बे?" पोरगं म्हणालं, हो. कशाला? गेममध्ये घातले. दादानं दोन थोबाडीत दिल्या, वहिनी रडली, आणि चोरी म्हणून विषय मिटला.

मी तिथंच उभा होतो, सुन्या. मार खाऊन झाल्यावर त्याचं तोंड बघितलं आणि मला व्यायामशाळेची वर्गणी आठवली, तू चोरली म्हणून कबूल केलेली. अण्णांनी पट्टा खाली टाकल्यावर तुझ्या तोंडावर जे होतं ना, सुटलो बाबा असं, तेच. बाकी तुला काय सांगायचं. चोर ठरणं पोराला स्वस्त पडलं होतं.

रात्री त्याला गाडीवर घालून कंबर तलावाकडं नेलं. भेळ झाली, चहा झाला, तोंड उघडेना. शेवटी मी तुझी गोष्ट सांगितली. नाव न घेता. (घेतलं. रागावू नकोस, पार्कवरच्या त्या रनआउटची फिटंफाट समज. तू आउटच होतास.) मग बोलायला लागला.

इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट आली. ओळखीची दोन-तीन पोरं तिला आधीच फॉलो करणारी, म्हणून यानंही घेतली. आठवडाभर अभ्यासाच्या, क्रिकेटच्या गप्पा. मग एका रात्री व्हिडिओ कॉल. तिकडं जी दिसली ती रेकॉर्ड केलेली क्लिप होती हे याला कुठून कळणार? पंधरा वर्षांचं पोर, पुढचं तू समज. कॉल संपतो ना संपतो तोच स्क्रीनशॉट, आणि खाली याला फॉलो करणाऱ्यांची यादी: वर्गातली पोरं, क्लासचे सर, आत्या. पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना जातंय. पेपरात याला सेक्सटॉर्शन म्हणतात. पोरींना असल्या धमक्या येतात हे आपण ऐकून असतो. पैशासाठी मात्र जास्त करून वयात आलेली पोरंच गाठतात, कारण ती कुणाला सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादाला सांगितलं. त्याचं पहिलं वाक्य, "आण तो फोन इकडं, फॉर्मॅट मारतो." अरे, सगळा पुरावा त्यातच! कसंबसं थांबवलं, तरी फोन त्यानं खिशात घातलाच. मग आपल्याकडची पद्धत, बैठक. वहिनीचा भाऊ अक्कलकोटहून आला: हॉस्टेलला टाका. आत्या: पोराला मोकळं सोडलं की हेच होणार. दादानं बातमी वाचून दाखवली, ऑस्ट्रेलियात याच महिन्यात, 10 डिसेंबरपासून, 16 वर्षांखालच्या पोरांना सोशल मीडियाची खाती बंद केली. बघा, तिकडचं सरकारसुद्धा कंटाळलं! आणि हे चाललेलं असताना दादाच्या खिशात अव्याचा फोन सारखा थरथरत होता. कुणाला वाटलं नाही की तो बाहेर काढून बघावा. मी काढायला लावला. "10 मिनिटं आहेत. 8 मिनिटं. तुझ्या आत्याला टायपिंग करायलोय." आम्ही तिघं-चौघं मोठी माणसं चहा पीत पोराचं भवितव्य ठरवत होतो आणि तो हरामखोर आमच्यातच बसलेला होता.

पैसे आणखी देऊ दिले नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते, हे पासबुकातच दिसत होतं. त्या खात्याचं नाव, लिंक, धमक्या, पैसे गेलेल्या नोंदी, सगळ्याचे स्क्रीनशॉट घेतले आणि मगच ब्लॉक केलं. मग 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. तात्यांनी आकडा ऐकला आणि म्हणाले, "सोलापूरच्या मार्शल लॉचं साल!" त्या अवस्थेतही हसू आलं बघ. सोलापूरच्या माणसाला तो नंबर पाठ करावा लागत नाही. फसवणूक झाल्या झाल्या तिथं कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येतात. आमचे केव्हाच निघून गेले होते.

सायबर ठाण्यात जायला दादा तयार नव्हता. आपल्याच पोरावर केस होईल, नाव पेपरात येईल. उलट अठराच्या आतल्या मुलाबाबत हे घडलं की 2012 चा पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो, त्यात अव्या पीडित, त्याची ओळख छापणं हाच गुन्हा, आणि कळल्यावर न कळवणं हाही गुन्हा. जबाब घ्यायला पोलीस मॅडम घरी आल्या, साध्या ड्रेसमध्ये. वर्दी घालायची नाही असं कायद्यातच आहे. त्यांनी अव्याला विचारलं, बोलताना तुझ्याजवळ कोण बसलेलं हवं? तोही नियमच, मुलाचा ज्याच्यावर विश्वास त्याच्यासमोर. दादा खुर्ची पुढं सरकवायला लागला. अव्या म्हणाला, तात्या.

ज्याच्या खात्यातून पैसे काढले, तो! तात्या कानाला मशीन लावून दोन तास बसले. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "पिन बदलून दे रे मला, अन् नवीन काय ठेवलास ते सांग." दादा तेव्हापासून गप्प आहे. मार बसलेल्या पोरापेक्षा त्याला जास्त लागलंय.

व्हिडिओ अजून कुठं गेल्याचं दिसलं नाही. मॅडमना विचारून 'टेक इट डाउन'वर नोंद केली. अमेरिकेतली संस्था चालवते, अठराच्या आतल्यांसाठी, फुकट. व्हिडिओ आपल्याच फोनात राहतो, त्याचा आकड्यांचा एक ठसा तेवढा जातो, आणि ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तो ठसा जुळला की काढून टाकतात. सामील नसलेल्या ठिकाणी किंवा व्हॉट्सॲपच्या खाजगी चॅटमध्ये काही इलाज नाही. पोरगं रात्री दचकून उठतं. फेब्रुवारीत बोर्ड आहे.

एक मात्र सांगतो. इन्स्टानं या वर्षी आपल्याकडं 18 खालच्यांसाठी वेगळी खाती आणली: आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज टाकता येत नाही. अव्याला त्यातलं काही लागूच नव्हतं, कारण त्याच्या खात्यावर जन्मसाल 1999 आहे. खातं उघडून दिलं होतं दादानं, पोरगं पाचवीत असताना, गड्ड्याच्या जत्रेचे फोटो टाकायला. तेरा वर्षं पूर्ण नसली तर घेत नाही म्हणाला, म्हणून साल मागं ढकललं. आणि हाच माणूस ऑस्ट्रेलियाची बातमी वाचून दाखवतो!

आता तुझ्याकडं येतो, मुख्याध्यापक. राजूकडून कळलं, तू नववी-दहावीची दप्तरं तपासून फोन जप्त करतोस, पालकांना बोलावून प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर परत देतोस. वर्गात फोन नको, मान्य, तासाला वाजतो, मलाही वैताग येईल. पण सगळ्यांसमोर? तू? त्या पोरांमध्ये एखाद्याच्या खिशात असलंच काही थरथरत असेल तर तो तुझ्या केबिनचं दार वाजवील का? 1930 आणि मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 फळ्यावर लिहून ठेवलेस तरी पुरे, आणि खाली लिही की फोन काढून घेणार नाही. अण्णांनी त्या दिवशी पट्ट्याआधी एक प्रश्न विचारला असता तर तू काय सांगितलं असतंस, हे मी तुला आजवर विचारलेलं नाही. आताही विचारत नाही.

मनूचं इंजिनिअरिंगचं जमलं हे ऐकून बरं वाटलं. घराचा हप्ता चालू झाला का? तुझी बदली टळली म्हणे, पेढे नाहीत ते नाहीतच.

गड्ड्याला ये, दोन दिवस काढ. अव्या विचारतो, ते वर्गणीवाले काका कधी येणार. शेंगाचटणी आणि कडक भाकरी वेगळ्या पार्सलनं पाठवलीय. चटणी बायकोच्या ताब्यात दे, तुझं बीपी मला माहितीय. आणि त्या दप्तरांचं काय ठरवलंस ते कळव, पोस्टानं.

तुझा,
विज्या