दिवाळी अंकात अमेरिकेची गोचीड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांची जुळणी सुरू आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अंकांत माकडताप, लेप्टो किंवा सर्पदंशावर एखादा लेख असतोच आणि त्यातल्या चित्राखाली बहुधा 'इंटरनेटवरून साभार' एवढेच छापलेले असते. साभार लिहिल्याने परवानगी मिळत नाही. शिवाय चित्र कुठले, हेच कळत नसल्याने ते चुकीचे असले तरी पकडता येत नाही.

माकडतापाचेच घ्या. नुसते 'टिक' (गोचीड) म्हणून शोधले की लाइम रोग पसरवणारी अमेरिकेतली इक्सोडिस हमखास पुढे येते. दोडामार्गकडच्या माकडतापाची मुख्य वाहक गोचीड आहे हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा (Haemaphysalis spinigera). म्हणून शोध शास्त्रीय नावाने, तोही रोमन लिपीत टाइप करून घ्यावा. मण्यारीच्या नावाखाली तर सर्रास कवड्या छापला जातो. पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट झाले असतील तर तो बिनविषारी कवड्या. मण्यारीचे पट्टे मानेच्या बरेच मागून निघून शेपटीपर्यंत जातात आणि पाठीच्या मध्यावरचे खवले मोठे, षटकोनी असतात. सापाचे चित्र जाणकाराला दाखवल्याशिवाय छापू नये, हे उत्तम.

आता मोफत चित्रे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या 'पब्लिक हेल्थ इमेज लायब्ररी'त लेप्टोस्पायराची (लेप्टोच्या जंतूंची) सूक्ष्मदर्शकातली चित्रे आहेत. तिथली बहुतेक चित्रे हक्कमुक्त असली तरी काही इतरांनी दिलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक चित्राखालची हक्काची ओळ वाचावी. अवयवांच्या आकृत्यांसाठी 'सर्व्हिए मेडिकल आर्ट' आणि अमेरिकेच्याच एनआयएच या आरोग्य-संशोधन संस्थेचे 'बायोआर्ट' हे चित्रसंग्रह पुरेसे आहेत. शरीररचनेसाठी 'ग्रेज ॲनाटॉमी' या प्रसिद्ध इंग्रजी पुस्तकाची जुनी आवृत्ती घ्यावी. १८५८च्या पहिल्या आवृत्तीची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले, म्हणजे तसे आपलेच! ते १८९७मध्ये वारले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, म्हणून ती चित्रे मोकळी. नव्या आवृत्त्यांतली चित्रे मात्र वेगळी आणि हक्काची आहेत.

गोंधळ होतो तो 'आयनॅचरलिस्ट' (प्राणी-वनस्पतींच्या फोटोंचे संकेतस्थळ) आणि 'विकिमीडिया कॉमन्स' (विकिपीडियाचा चित्रसाठा) यांवर. तिथे 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे खुले परवाने असतात. पहिल्यावर न बदलता राहिलेला परवाना 'सीसी बाय-एनसी' असतो, म्हणजे व्यावसायिक वापर नाही. किंमत आणि जाहिराती असलेला दिवाळी अंक त्यात बसवू पाहू नये. 'सीसी बाय' (श्रेय देऊन वापरा) किंवा 'सीसी झिरो' (श्रेयाचीही अट नाही) एवढेच गाळून घ्यावे, नाहीतर छायाचित्रकाराला दोन ओळी लिहून विचारावे. तो सावंतवाडीचाच निघायचा! परवान्यात 'एनडी' (बदल नको) असेल तर आकृतीतली इंग्रजी नावे मराठीत करून छापता येत नाहीत. 'एसए' (त्याच परवान्यावर वाटा) असेल तर करता येतात, पण ती बदललेली आकृती (अख्खा अंक नव्हे) त्याच परवान्यावर खुली ठेवावी लागते. श्रेय असे द्यावे: 'आकृती: सर्व्हिए मेडिकल आर्ट, सीसी बाय ४.०; नावे मराठीत केली.'

नावे बदलायला आकृतीची एसव्हीजी (रेषांची, बदलता येणारी) फाइल घेऊन इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या प्रोग्रॅममध्ये उघडावी. छापखान्यात तोच फॉन्ट नसला की जोडाक्षरे फुटतात, म्हणून फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे 'पाथ' (म्हणजे नुसत्या रेषाकृती) करून टाकावेत. छायाचित्र ४ इंच रुंद छापायचे तर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२०० पिक्सेल लागतात. संकेतस्थळाच्या पानावर दिसणारी छोटी प्रत उतरवू नये, 'मूळ फाइल'च घ्यावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली की ती आक्रसते आणि अंकात चित्र धुरकट येते.

रुग्णांच्या फोटोंचे वेगळे. खुला परवाना फोटो काढणाऱ्याने दिलेला असतो, रुग्णाने नव्हे. चेहरा किंवा ओळखीची खूण दिसत असेल तर रुग्णाची लेखी संमती हवीच. ती नसेल तर त्या जागी आकृती छापावी.

— एक वाचक, रत्नागिरी