65 किलोचा हट्ट सोड आता

सोन्या,

काल फोनवर तू तुझ्या कुस्तीतल्या मेडलबद्दल "सिल्व्हर म्हणजे काय गं, फायनल हरलेल्याला देतात ते" असं म्हणालास आणि रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवलास. तुझ्या हॉस्टेलला रेंज जात नाही, मला माहितीये. व्हॉट्सअॅपवर लिहिलं असतं तर दोन निळ्या टिका आणि "हो गं" एवढंच आलं असतं, म्हणून ही लांबलचक मेल. अर्धी वाचून बंद करू नकोस.

पहिल्या वर्षी तुझी कुस्ती बघायला आले होते आठवतंय? मी पर्समधून चष्मा काढेपर्यंत संपली होती. 10-0. मला वाटलं ब्रेक झाला असेल, तर शेजारी बसलेली बाई म्हणाली अहो दहा गुणांचा फरक पडला की फ्रीस्टाईलमध्ये कुस्ती तिथेच थांबवतात. तू बाहेर आलास, बॅग उचललीस आणि म्हणालास, "मला पट वाचवता येत नाही." पट म्हणजे समोरचा पायाला हात घालून पाडतो तो डाव. बास. पंचांना शिव्या नाहीत, ड्रॉ वाईट पडला नाही, काही नाही. मला तेव्हा ते फार काही वाटलं नव्हतं, खरं सांगते, मी परतीच्या गाडीचं टेन्शन घेऊन बसले होते.

पण त्यानंतर दोन वर्षं तू जे काही केलंस ते मी बघितलंय. सुट्टीत घरी आलास की मला काम लावून ठेवायचास, मी फोनवर बोलत असले, कपडे वाळत घालत असले, काही करत असले तरी मधेच अचानक टाळी वाजवायची आणि टाळी ऐकली की तू असशील तिथे दोन्ही पाय मागे फेकून छाती जमिनीवर टाकायचास, जणू समोरच्याने पायाला हात घातलाय आणि तू त्याच्यावर वजन टाकतोयस. खालच्या मजल्यावरचे दोनदा वर येऊन गेले, त्यांना मी काय सांगणार, मुलगा पट वाचवतोय? आणि हे पहाटेची मेहनत, जोर, बैठका, रोप, सगळं झाल्यावर. मधे डावा कान सुजला, डॉक्टर म्हणाले कातडी आणि कूर्चा यांच्यामधे रक्त साठलंय, लगेच काढून घट्ट पट्टी बांधली नाही तर कान कायमचा गड्डा होईल, तर तू पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी मॅटच्या कडेला उभा राहून दुसऱ्यांचे पट बघत होतास. आता कान मोडलाच आहे, असो, त्यावर आपलं भांडण होऊन गेलंय.

दुसऱ्या वर्षी ब्राँझ. तेव्हा मला रेपेचाज हा शब्द कळला, ज्याने आपल्याला हरवलं तो फायनलला गेला की आपल्याला परत एक दार उघडतं. साक्षी मलिकचं 2016 चं रिओतलं ब्राँझ याच दारातून आलं होतं, ती तर शेवटच्या कुस्तीत 0-5 ने मागे होती आणि 8-5 ने जिंकली. तुझ्या ब्राँझच्या वेळी मी एवढी ओरडले होते की दोन दिवस आवाज बसला होता.

आता ह्या वर्षीची फायनल. तू चिडू नकोस, मी व्हिडिओ अकरा वेळा बघितलाय. पहिल्या हाफमधे समोरच्याने डाव टाकलाच नाही म्हणून त्याच्यावर 30 सेकंदांचं घड्याळ लागलं, त्यातही त्याला गुण घेता आला नाही आणि तुला 1. दुसऱ्या हाफमधे तू त्याला रेटत मॅटच्या बाहेर काढलंस, आणखी 1. 2-0. शेवटची अठरा सेकंद राहिली होती. त्याने खांदा खाली टाकला, मला आधीच दिसलं रे की तो एकेरी पट काढणार, आणि माझे हात टाळी वाजवायला वर गेले होते. खरंच. तुझे पाय मागे गेलेच नाहीत. अर्धवट सरकले आणि तिथेच राहिले, त्याने पाय उचलला, मागे जाऊन ताबा घेतला, 2-2. मला वाटलं आता एक्स्ट्रा टाइम, तर त्याचा हात वर. मागच्या माणसाने समजावलं की गुण सारखे झाले की मोठा डाव कोणाचा ते आधी बघतात, त्याच्याकडे एक दोनचा आणि तुझे दोन एक-एकचे.

तू काल म्हणालास मेहनत कमी पडली. तर मेहनत कमी पडली नाही, हजार वेळा केलेली गोष्ट होती ती, झोपेत केली असतीस. तू ती फायनल आदल्या रात्री हॉस्टेलच्या पॅसेजमधे हरलास.

मी चार्जर द्यायला आले होते साडेअकराला. दोन स्वेटशर्ट, वर ते प्लास्टिकचं जॅकेट, टोपी, आणि तू पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतोयस. हातात बाटली, मला वाटलं पाणी, तर तू त्यात थुंकत होतास, म्हणे शेवटचे ग्रॅम असेच जातात. अर्ध्याला आली होती ती बाटली. माझ्याशी बोलायला तोंड उघडलंस तर जीभ टाळ्याला चिकटल्याचा आवाज आला. संध्याकाळी 66.9 भरलेलं तुझं, सकाळी परत 65 च्या आत यायचं होतं, हल्ली दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतात ना. आलास. 64.9. सगळ्यांनी पाठ थोपटली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मीही थोपटली, शिवाय मावशीला फोन करून कौतुकाने सांगितलं की बघ किती जिद्द आहे पोरात. ते आठवलं की आता माझं मलाच कसंतरी होतं.

कारण नंतर मी वाचत बसले. 1997 साली अमेरिकेत सव्वा महिन्यात तीन कॉलेजचे पैलवान वजन तोडताना गेले. तिघेही तुझ्याच वयाचे, गरम खोलीत, रबरी सूट घालून सायकल वगैरे मारत होते. अंगातलं पाणी संपलं की हृदयावर ताण येतो आणि घाम आटला की आतली उष्णता बाहेर पडायला वाटच राहात नाही. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना बंद केले, वजन घ्यायची वेळ कुस्तीच्या जवळ आणली, आणि सीझनच्या आधीच लघवी तपासून, अंगातली चरबी मोजून ठरवतात की हा मुलगा यापेक्षा खाली जायचा नाही. तीन मुलं गेल्यावर.

मला माहितीये तू अमन सेहरावतचं नाव काढणार. त्याने पॅरिस ऑलिंपिकला दहा तासांत 4.6 किलो उतरवून ब्राँझ घेतलं, हो, पण त्याच्या शेजारी रात्रभर कोच जागे होते, तुझ्या शेजारी पॅसेजमधला बंद पडलेला कूलर होता. आणि 2025 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तोच अमन 1.7 किलो जास्त भरला म्हणून न खेळता बाद झाला. विनेश फोगाटचं तर सगळ्या देशाला माहितीये. 53 ची मुलगी 50 ला उतरली, आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधीच न हरलेल्या जपानच्या सुसाकीला हरवून फायनलला गेली, आणि 100 ग्रॅम जास्त भरली. वर नियम असा की दुसऱ्या दिवशी वजन चुकलं की आदल्या दिवशीच्या जिंकलेल्या कुस्त्याही गेल्या.

उलटं उदाहरणही आहे आणि ते तुमच्या खोलीत भिंतीवरच चिकटवलेलंय. खाशाबा जाधव. 1948 ला लंडनला फ्लायवेटमधे सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं ते एक गट वर जाऊन, बँटमवेटमधे. कॉलेजचाच पोरगा होता तोही.

तू म्हणशील 70 ऑलिंपिकमधे नाही, 65 नंतर एकदम 74. अरे पण ऑलिंपिकला निघायला अजून अवकाश आहे, एक वर्ष 70 लढ, अंगात पाणी ठेवून लढ, मग 74 चं बघू. सुट्टीत तू 70.8 होतास, म्हणजे तुझं अंगच सांगतंय ना. कोचशी मी बोलणार नाही, तो तुझा प्रश्न, पण तू नाही बोललास तर मात्र बोलेन.

सिल्व्हर शोकेसमधे लावलंय, तुझ्या त्या "हरलेल्याला देतात" कडे लक्ष न देता. वजनकाटा माळ्यावर टाकलाय, आल्यावर शोधू नकोस. निळा सिंगलेट धुतला, उजव्या खांद्याची शिवण उसवली होती ती घातली, पण तो आता धाकट्याला देऊन टाकते. तू एक साइझ मोठा घे.

आई