वसंता, सगळे दात काढण्याआधी

फोंडा, गोवा

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन ठेवला तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. तू भडाभडा बोललास, मला धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र. सगळे दात काढायचे, त्याच बैठकीत इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसणारे टायटॅनियमचे स्क्रू, घालायचे आणि तीन दिवसांत पक्के दात घेऊन घरी, असं तुला त्या दवाखान्यात सांगितलंय आणि तू जवळजवळ होकार दिलायस. आगाऊ रक्कम भरली नसशील तर आधी थांब. माझं तोंड वरखाली नव्याने बांधून झालंय. त्यातून जे कळलं ते तुला सांगितल्याशिवाय मला स्वस्थ बसवणार नाही.

तुझे सगळे दात गेलेत हे ठरवलं कशावरून? तू म्हणतोस एक ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. अरे, हलणारा प्रत्येक दात काढण्याजोगा नसतो. हिरड्यांचा आजार आटोक्यात आला, मुळापर्यंत सफाई झाली की काही दात पुन्हा धरतात. मलाही आधी एके ठिकाणी ‘सगळे काढून टाका’ असंच सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आकडे कोरलेली बारीक सळई एकेका दाताभोवती फिरवून हिरडी किती मिलिमीटर सुटलीय ते मोजलं. त्या आकडा म्हणत होत्या, मदतनीस मुलगी तक्त्यावर लिहून घेत होती. त्या तक्त्यावरून माझे खालचे पुढचे दात दोन्ही सुळ्यांसकट राहिले. खाली मागच्या बाजूला इम्प्लांट आले, आणि वरचे दात तेवढे सगळे गेले.

ते राहिलेले दात किती मोलाचे आहेत ते तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, खाताना कळतं. आपल्या दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, त्यातल्या नसांना केसाहून बारीक कणसुद्धा जाणवतो. इम्प्लांट थेट हाडाला चिकटलेला, त्याला तो पडदा नाही. तिसऱ्यांत वाळूचा कण राहिला असेल तर पुढे चावताना मला लगेच कळतं. मागे, जिथे वरखाली दोन्ही इम्प्लांट आहेत, तिथे तो भरडला जातो तरी पत्ता नसतो. आपण किती जोराने चावतोय याचा अंदाजही तिथे कमी येतो. म्हणून जो दात वाचेल तो वाचव, वसंता. काढलेला परत येत नाही.

इम्प्लांटवर माझा राग नाही हं. त्यांच्यामुळेच मी आज भाकरी मोडून खातो. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाने १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं. प्रयोगानंतर काढायला गेले तर ते निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसलेलं. त्यातून पुढे १९६५ मध्ये गोस्टा लार्सन या जबड्यात जन्मतः दोष असलेल्या माणसाला पहिले इम्प्लांट बसले. २००६ मध्ये तो वारला तोवर, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं, ते त्याच्या तोंडात होते. पण त्याच्या हाडाला धरायला महिनोन् महिने वेळ दिला होता, हे विसरू नकोस.

आता तुझे ते तीन दिवस. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. घालतानाच इम्प्लांटने हाडात चांगली पकड घेतली तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वर दात चढवता येतात. लिस्बनच्या पाउलो मालोने नव्वदच्या दशकात चार इम्प्लांटवर अख्खा जबडा उभा करायची पद्धत रूढ केली. मागचे दोन तिरपे घालायचे, म्हणजे वर सायनसची पोकळी आणि खाली नस चुकवता येते. पण त्या दिवशी चढवतात ते दात बहुधा ॲक्रिलिकचे, तात्पुरते. पहिली पकड स्क्रूची असते. पुढच्या काही आठवड्यांत ती उलट थोडी सैल होते आणि मग नवं हाड येऊन खरी पकड बसते. त्या मधल्या काळात कडक चावलं, इम्प्लांट हलला, की तो धरतच नाही. मी ते दिवस उकड्या तांदळाच्या पेजेवर आणि मऊ शिजवलेल्या खतखत्यावर काढले. काजू, कुरल्या, चणे, सगळं बंद.

या तात्पुरत्या दातांचंच मला तुला मुख्य सांगायचंय, कारण तू नाटकवाला. तुझी खरी भीती चावण्याची नाही, बोलण्याची आहे. फोनवर तुझा आवाज कापला तो त्याच वाक्याला. दात झिजून आणि पडून आपला चेहरा खालून आखूड झालेला असतो, हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात. ती उंची किती वाढवायची हे यंत्र एकटं सांगू शकत नाही. बाईंनी मला सांगितलं, तुमच्या पार्टातलं एखादं पान घेऊन या. खुर्चीत बसून मी ते म्हटलं, देवळासमोरच्या मंचावर म्हणतो तसं, पूर्ण आवाजात. ‘स’ला वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटत होते. म्हणजे उंची जास्त झाली होती. ‘फ’ आणि ‘व’ला वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या ओलसर रेघेवर टेकायला हवी; माझी बाहेर येत होती. बाईंनी तिथल्या तिथे कड घासली, मी पुन्हा म्हटलं, त्यांनी पुन्हा घासली. ‘चांदणं’मधला च सुटायला सगळ्यात वेळ लागला, दातांमागची टाळूकडची जाडी कमी केली तेव्हा तो मोकळा झाला. तेच दात घेऊन मी पुढचे काही महिने घरी बोललो, भजनात गायलो, जत्रेच्या तालमीत उभा राहिलो. सगळं जुळल्यावर त्याच मापाचे झिरकोनियाचे पक्के दात झाले. झिरकोनिया दगडासारखा कठीण, एकदा भट्टीतून आल्यावर त्यात फार फेरफार होत नाही. तीन दिवसांत पक्के दात बसवले तर तुझा ‘स’ कोण आणि कधी तपासणार?

तुझी साखर. मागच्या वेळी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, नऊच्या वर होतं ना? ते सातच्या आसपास आणल्याशिवाय जबड्याला हात लावू देऊ नकोस, जखम भरत नाही आणि इम्प्लांटभोवती हाड झिजायला लागतं. आणि तंबाखू सोड. मी तुला आजवर कधी टोकलं नाही, आता हात जोडून सांगतो. हाडांसाठी कुठल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांग.

पैशाचं लेखी घे: इम्प्लांट, त्यावरचे जोड, तात्पुरते दात, पक्के दात, रात्री घालायचा गार्ड, सगळं वेगवेगळं लिहून. थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, केल्याशिवाय इम्प्लांट नाही. कंपनी आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर तुझ्या कार्डावर लागलं पाहिजे, उद्या एखादा स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरला नेमका भाग तरी मागवता येईल. दात शक्यतो स्क्रूने बसणारे घे, डॉक्टरांना ते काढून साफ करता येतात. आणि रोज पाण्याच्या जेटने त्यांच्याखालून सफाई करावीच लागते, त्यात सुटका नाही.

बांबोळीच्या आपल्या दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे दुसरं मत घेऊ. साखळीहून सकाळच्या बसने पणजीला ये, मी कदंबच्या स्टँडवर थांबतो, पुढे दोघं मिळून जाऊ. ओपीजी आणि साखरेचे रिपोर्ट विसरू नकोस. वहिनींनाही आण, तू डॉक्टरांपुढे नुसती मान हलवतोस आणि त्या प्रश्न विचारतात. माझी फाईल मी घेऊन येतो, माझे आधीचे-नंतरचे एक्स-रे तुला दाखवतो. तोवर त्या दवाखान्याला एवढंच कळव, की निर्णय अजून झालेला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
रघुनाथ