वाटाण्याएवढे मलम

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल मिळाले. डॉक्टरांनी मुरुमांसाठी ट्रेटिनॉइनचे ०.०२५ टक्क्यांचे क्रीम लिहून दिले, पहिल्या चार रात्रींतच गालांची आग होऊ लागली, नाकाच्या कडेची त्वचा सोलवटली आणि आता ते चालू ठेवावे की टाकून द्यावे हे तुला समजेनासे झाले आहे. हे वाचल्यावर उत्तराला उशीर करणे मला योग्य वाटले नाही, कारण हेच औषध चुकीच्या पद्धतीने वापरून मी माझ्या चेहऱ्याची जी दशा करून घेतली होती ती तुझ्या वाट्याला येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सर्वांत आधी एक महत्त्वाची गोष्ट. पुढील वर्षी बाळाचा विचार आहे असे तू मागच्या पत्रात लिहिले होतेस. ते डॉक्टरांना सांगितले आहेस का? नसेल, तर आजच सांग. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या औषधांपैकी पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइनमुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात हे निश्चित आहे. तुझे ट्रेटिनॉइनही त्यांतलेच; मात्र त्वचेवर लावल्यावर त्याचा फारच थोडा अंश रक्तात जातो. तरीही गरोदरपणात आणि गर्भधारणेचा प्रयत्न सुरू असताना ते लावू नये असाच सल्ला दिला जातो, आणि त्याच कुळातले टॅझारोटीन तर गरोदरपणात पूर्ण निषिद्ध मानले जाते. मुरुमांसाठी ॲझेलेइक ॲसिडसारखे त्या काळात चालणारे पर्याय असताना हा धोका पत्करण्याचे काही कारणच नाही. औषध चालू असताना दिवस गेल्याचे लक्षात आले, तर ते त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना कळवावे; घाबरून जाण्याची मात्र गरज नाही.

आता तुझ्या गालांविषयी. ट्रेटिनॉइन म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे आम्लरूप. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरुमांवरील त्याच्या उपयोगाविषयी लिहिले, आणि तेव्हापासून आजपर्यंत ते वापरात आहे. त्वचेच्या पेशींमध्ये या आम्लाला ओळखून धरणारी ग्राहक प्रथिने (रिसेप्टर) असतात. तिथे ते पोहोचले की पेशींची वाढ आणि झड यांची लय बदलते, रंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा जो चिकट बूच बसतो तो सैल होतो आणि नवा मुरूम धरण्याचे प्रमाण कमी होत जाते. याच बदलामुळे त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा संरक्षक थर काही काळ पातळ आणि सैल होतो. तुला जाणवणारी आग, कोरडेपणा आणि सोलवटणे त्यातूनच आले आहे. त्वचेला या औषधाची सवय व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, आणि या काळात दबलेले मुरूम वर येऊन चेहरा आधीपेक्षा वाईटही दिसू शकतो.

मी इथेच चुकले. आग होते आहे म्हणजे औषध लागू पडते आहे अशी माझी ठाम समजूत होती, म्हणून मी रोज रात्री बोटभर क्रीम चोळत असे आणि सकाळी निघालेल्या पापुद्र्यांवर स्क्रब घासत असे. नवव्या दिवशी वरच्या ओठावर वॅक्सिंग केले तेव्हा पट्टीबरोबर कातडीच निघून आली. तिथे पडलेला काळा डाग जायला सात महिने लागले. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर हा धोका विशेष असतो, कारण दाह ओसरला तरी त्याच्या जागी काळसरपणा मागे राहतो, आणि ज्या डागांना कंटाळून औषध सुरू केले त्यांत आपणच भर घालून बसतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्यांवर ०.०२५ आणि ०.१ टक्के ट्रेटिनॉइन ४८ आठवडे लावून पाहिले होते. सुधारणा दोन्हींत जवळपास सारखी झाली, आग आणि लाली मात्र जास्त शक्तीच्या क्रीममध्ये कितीतरी अधिक होती. ही माहिती मला आधी असती, तर त्या सात महिन्यांतले बरेच आरशासमोरचे रडणे वाचले असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की औषध टाकू नकोस, पण आज रात्री लावूही नकोस. आग आणि सोलवटणे पूर्ण शमेपर्यंत केवळ सौम्य, बिनवासाचे क्लीन्झर आणि साधे मॉइश्चरायझर वापर. त्यानंतर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनच रात्री लावायला लाग. दोन-तीन आठवडे त्रास झाला नाही तर एकाआड एक रात्र, आणि त्यानंतरच रोज. रोज सहन झाले नाही तरी बिघडत नाही. मी आजही एकाआड एक रात्रच लावते. चेहरा धुतल्यावर तो पूर्ण कोरडा होऊ दे, वीस-तीस मिनिटे थांब, कारण ओलसर त्वचेवर आग जास्त होते. मग वाटाण्याएवढे क्रीम, संपूर्ण चेहऱ्यासाठी तेवढेच, कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटी यांवर ठिपक्यांनी ठेवून हलक्या हाताने पसरव. केवळ मुरुमावर थेंब ठेवून उपयोग नाही, कारण पुढचा मुरूम कुठे धरणार आहे हे डोळ्यांना दिसत नसते. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या खाचेत आणि ओठांच्या कोपऱ्यांत क्रीम साचते; तिथे आधी थोडे व्हॅसलीन लावून ठेवलेस तर तुझ्या नाकाची कड वाचेल. क्रीमच्या आधी आणि नंतर असा दोन्ही वेळा मॉइश्चरायझर लावायलाही हरकत नाही; नवशिक्या त्वचेला मी तर तेच सुचवेन.

हे औषध रात्रीच लावायचे, कारण ट्रेटिनॉइन उजेडात विघटित होते. मुरुमांवरच्याच बेन्झॉइल पेरॉक्साइड या दुसऱ्या औषधामुळेही ते निकामी होऊ शकते. तेही दिले असेल तर ते सकाळी आणि हे रात्री, असे ठेवावे. याच कुळातल्या ॲडापलीन या औषधाला ही अडचण तितकीशी येत नाही. रात्री लावतो म्हणून उन्हाची काळजी संपली असे मात्र नाही. वरचा थर पातळ झालेली त्वचा लवकर भाजते. म्हणून रोज सकाळी किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन, आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी पुन्हा. हे जमणार नसेल, तर क्रीम सुरू न केलेले बरे.

तुझ्या कपाटातील ग्लायकोलिक ॲसिडचे टोनर, सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश आणि तो स्क्रब सध्या बाजूला ठेव. चेहऱ्याचे वॅक्सिंग तर अजिबात नको. ‘रेटिनॉल’ लिहिलेले सीरमही याच कुळातले आहे. त्वचेत गेल्यावर त्याचे टप्प्याटप्प्याने याच आम्लात रूपांतर होते, त्यामुळे दोन्ही एकत्र लावणे म्हणजे त्रास वाढवणे. आणि ट्यूबवरील घटक एकदा नीट वाच. काही क्रीममध्ये ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारे औषध) आणि स्टेरॉइडही असते. ते काळ्या वांगासाठी, मोजक्या आठवड्यांपुरते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे औषध आहे. गोरे होण्यासाठी म्हणून कुणी ते सुचवले, तर कृपा करून ऐकू नकोस.

सूज आली, फोड आले, पाणी सुटू लागले किंवा असह्य खाज सुटली, तर तो सवयीचा भाग समजू नये. क्रीम थांबवून लगेच दाखवावे. अन्यथा बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत निकाल ठरवू नकोस. मला पहिला फरक दहाव्या आठवड्यात दिसला, आणि तोही आधी माझ्या आईला.

ट्यूबवर नेमके काय छापले आहे आणि बाळाविषयी ऐकल्यावर डॉक्टर काय म्हणाले, हे दोन्ही मला सविस्तर कळव. तुझ्या पत्राची वाट पाहते आहे.

तुझीच,
जिवलग मैत्रीण