आईच्या श्रवणयंत्राला फक्त पंखा ऐकू आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला आईला घेऊन गेलो होतो. तिचे वय ८३. गुडघे बोलतात आणि कान ऐकत नाहीत, असे ती स्वतःच म्हणते. पण संगीत नाटक लागले की तिला घरी बसवत नाही. नाट्यगृहाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाचे नाव घेतले की बाकीच्यांना वाटते, आपण सुटलो.

तिसरी घंटा झाली, धुपाचा वास आला, नांदी झाली आणि दहाव्या मिनिटाला एसी बंद पडला. कुणाचीही धावपळ झाली नाही. दोन कामगारांनी शांतपणे दोन मोठे स्टँडचे पंखे आणले. एक विंगेत लावला, दुसरा आमच्या शेजारच्या दारापाशी. मध्यंतरात उजेडात पाहिले, तर त्या दारापाशी फरशीवर पंख्याच्या बुडाचा गोल काळा डाग पडलेला. म्हणजे त्याची जागा ठरलेली आहे.

नाट्यगृहाला खिडक्या नसतात. रस्त्यावरचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून केलेली तजवीज एसी थांबला की भट्टीच्या कामी येते. पूर्वी वारा घ्यायला निदान हँडबिले मिळायची, आता तीही मोबाइलवर येतात. नायकाची मिशी घामाने एका बाजूने सुटली. ती बोटाने दाबून धरत त्याने पद पुरे केले. टाळी पडली, ती तानेला की मिशीला, कोण जाणे.

आईचे यंत्र साधे आहे. जो आवाज जवळचा, तो मोठा करते. पंखा चार हातांवर, ऑर्गन कुठच्या कुठे. तिने दोनदा बटण फिरवून पाहिले, मग यंत्र काढून डबीत ठेवले आणि उरलेला अंक नुसता पाहिला. घरी जायचे का, विचारले, तर म्हणाली, "नको रे, पदं पाठ आहेत मला."

निर्मात्याला दोष देत नाही. ५०० रुपयांच्या वरच्या तिकिटाला जीएसटी लागतो, त्यामुळे त्याला दर तरी किती वाढवता येणार? व्यवस्थापकांकडे तक्रारवही मागितली. ती मात्र लगेच मिळाली. मागच्या पानावरची नोंद एसीचीच होती, खाली शेरा: 'संबंधितांना कळविले आहे.' स्वच्छतागृहाबद्दल लिहीत नाही, लोक तुमचा अंक सकाळी चहाबरोबर वाचतात.

१९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले, तेव्हा पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या नाटकातल्या माणसाने त्यात जातीने लक्ष घातले होते. आज शहरातल्या नाट्यगृहांच्या डागडुजीची निविदा निघते, तेव्हा कपडेपट सांभाळणाऱ्याला किंवा ध्वनियोजना करणाऱ्याला कुणी विचारते का? जुनी नाट्यगृहे पाडायची की ठेवायची, यावर आपण पुणेकर तावातावाने भांडतो. एसीचे फिल्टर शेवटचे कधी धुतले, यावर मात्र एकही परिसंवाद झाल्याचे ऐकिवात नाही. दर्शनी भिंतीला नवा रंग आहे, आणि माझ्या खुर्चीचा हात सुतळीने बांधलेला होता.

मागणी छोटी आहे. पुण्याला पाट्यांचे वावडे नाही, तेव्हा एसी बंद असेल त्या दिवशी तिकीट खिडकीवर एक पाटी लावावी: 'आज एसी बंद आहे.' आणि ज्या दिवशी ती लागेल, त्या दिवशीचे भाडे निर्मात्याला परत करावे. एसी आपोआप दुरुस्त होईल.

पुढच्या महिन्यात तिथेच आणखी एक संगीत नाटक आहे. आईने तिकिटे काढायला सांगितली आहेत, दारापासून लांबची.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे